न उठलेली मावशी

वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणत, अगदी डॉक्टरसुद्धा. अंथरुणाला खिळलेल्या बायकांना ती अठ्ठावीस वर्षं उचलत आली होती, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. नव्या पोरींना कसं उचलायचं ते तीच शिकवी, आणि चुकलं की भर वॉर्डात खरडपट्टी काढी.

एका सकाळी वॉर्ड रिकामा करायचा हुकूम आला. पेशंट दुसऱ्या गावी हलवायचे आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नाही! मावशीचं डोकं फिरलं. तिनं दारातच फतकल मारली. पोलीस बोलावले गेले, त्यांनी तीनदा उठायला सांगितलं.

"आधी यांच्या घरी कळवा," ती म्हणाली आणि अंग सैल सोडून दिलं.

चौघांनी तिला कसंबसं उचललं, त्यात एका शिपायाच्या कमरेत उसण भरली. त्या गोंधळात हलवाहलव चार दिवस लांबली, घरोघरी निरोप गेले. मावशीला दुसऱ्या वॉर्डात काम मिळालं, पण तिच्यावर खटला उभा राहिला. हुकूम मोडला हा एक आरोप, पोलिसांवर बळ वापरलं हा दुसरा. दुसरा सिद्ध झाला तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

"ताई, माफी मागून मोकळी हो," धाकटा भाऊ काकुळतीला आला.

"उठले नाही, ते कबूल. पण मी कुणाला बोटही लावलेलं नाही. न केलेल्याची माफी कसली मागू?"

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, अंग जड करणं म्हणजेच जोर लावणं. शिवाय बाई पोलिसांवर ओरडत होत्या. मावशीच्या वकीलबाईंनी शिपायालाच विचारलं, "काय ओरडत होत्या?"

शिपाई घुटमळला, पण माणूस सरळ होता. "म्हणाल्या, 'अरे, कमरेतून नको, गुडघ्यात वाक! पाठ जाईल तुझी.'"

"मग वाकलात?"

"नाही."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. "पोलिसांनी सांगूनही न उठणं हा गुन्हा आहे. पण नुसतं न हलणं म्हणजे बळ वापरणं नव्हे." दुसऱ्या आरोपातून ती सुटली. पहिल्यासाठी शिक्षा झाली, संध्याकाळी कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची.

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीकडच्या बाकावर ऐसपैस टेकली.

"बसते की, साहेब. फक्त सातच्या आत सोडा. रात्रपाळी आहे माझी."