ढालवाला शेजारी

शेजारच्या माणसाला झपाटलंय असं समजून मी एकदा त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवायला गेले होते. तेव्हा मी जेमतेम साठीची, अक्कल यायची होती.

भिंगारला आमच्या घरामागच्या मोकळ्या मैदानात हा गृहस्थ रोज सकाळी एकटाच यायचा. एका हातात लाकडी तलवार, दुसऱ्यात ताटलीएवढी ढाल. परमुलखातल्या कुठल्याशा जुन्या पोथीतली तलवारबाजीची चित्रं त्यानं छापून आणली होती. ती विटेखाली दाबून ठेवायची, वाकून बघायची, की झाला सुरू. प्रत्येक चित्रात माणसं दोन. म्हणून हा आधी इकडून वार करायचा, मग पलीकडे जाऊन तोच वार अडवायचा. वार वेडावाकडा गेला की समोरच्या रिकाम्या जागेला म्हणायचा, "माफ करा हं, लागलं न्हाई ना?"

पोथीबिथी मला मागाहून कळली. त्या दिवशी दिसलं ते एवढंच, की हा बाबा हवेची माफी मागतोय. मी मूठ भरून घेतली, तडक त्याच्यासमोर उभी राहिले आणि उतरवू लागले. तो हसला नाही की रागावला नाही. माझी मूठ फिरेल तिकडे त्याची ढाल हलकेच फिरत राहिली.

उतरवून झालं. मीठ चुलीत टाकायला मी घाईनं वळले, तेव्हा तो मागून म्हणाला, "वैनी, उद्या पन याल का? समोर कुनी असलं की हात लई बरोबर पडतो."