करमरकरकाका आणि काळे प्रिंट

कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळात माणसं टिकत नाहीत. बँकेची बदली आली की उचललं बिऱ्हाड! किस्से मात्र पॅकर्सच्या खोक्यात मावत नाहीत, म्हणून ते सगळे माझ्याकडे साठलेत. त्यात मी मंडळाचा फोटोवाला. जाणाऱ्या घराला गणेशोत्सवातला एक मोठा फोटो प्रिंट करून द्यायचा, ही मंडळाची रीत. तो काळा यायचा, ही माझी!

*

पहिला प्रिंट कुलकर्णीवहिनींचा. आरतीच्या त्या फोटोत फक्त निरांजन दिसत होतं.

"भाऊजी, लाईट गेल्यावर काढलात का?"

"डोळे मिटून बघा वहिनी, भाव येईल!"

लखनौला गेल्यावर त्यांनी तो भिंतीवर उलटा लावला म्हणे. मागची बाजू जास्त उजळ होती!

*

मी सॉल्ट लेकच्या लॅबवाल्या बापीदांशी भांडायचो. ते शांतपणे म्हणायचे, "दादा, मेशीन भालो आछे!" आणि मशीन उत्तम असल्याच्या आनंदात चहा मागवायचे. भांडण असं मस्त चाललेलं असताना माझ्या मुलीनं घात केला. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी काटकसरीचं.

"बाबा, तुझा स्क्रीन फुल ब्राइट आहे. पेपरच्या मागे लाईट असते का?"

खरंच होतं. माझ्या स्क्रीनच्या उजेडात शेजारच्या मुखर्जीकाकू डाळीच्या वड्या वाळवायच्या! तिथे झगझगीत दिसणारा फोटो कागदावर काळाच उतरणार.

*

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. इतका उजेड वाढवला की सेक्रेटरी साठ्यांचं डोकं आणि मागची ट्यूबलाईट वेगळी ओळखू येईना. साठे मात्र खूश.

"टक्कल कुठे दिसतंय दाखवा!"

शेवटी बायकोनं शिस्त लावली. "आधी स्क्रीन मंद कर. मग फक्त काळोखाचा भाग उजळ. एक छोटा प्रिंट काढून खिडकीत धरून बघ, आणि मगच मोठा काढ."

तेव्हापासून प्रिंट झकास येतात. पण तोवर अर्धं मंडळ माझ्या अंधारात बसून भोपाळ, पुणे, नागपूरला पोचलं होतं. फोनवर कोणी तक्रार करत नाही. "फोटो आहे हो अजून," एवढंच म्हणतात. तेच मनाला लागतं.

*

यंदा करमरकरकाका निघाले, मुलाकडे रत्नागिरीला. काकी गेल्या हिवाळ्यात वारल्या. मंडळाच्या प्रत्येक उत्सवाचा स्वयंपाक त्यांचा, त्यामुळे एकाही फोटोत त्या दिसत नाहीत.

काका मंडळाच्या कपाटात उरलेला एक जुना काळा प्रिंट घेऊन आले. "ह्यात मागे, स्वयंपाकघराच्या दारात ही असणार. तेवढी उजेडात आण रे. उत्सवातला हिचा दुसरा फोटोच नाही माझ्याकडे."

फाईल सापडली. स्क्रीन मंद केला, काळोख हळूहळू उचलला. पुढे काका माइक धरून खदखदून हसताहेत, भोवती सगळं मंडळ. मागच्या दारात काकी दिसू लागल्या. उपड्या बादलीवर बसलेल्या, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. हातात डाव तसाच.

काका खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. चहावर साय धरली.

"काका, अजून थोडा उजेड देऊ?"

"हिला आहे तेवढा पुरे." त्यांनी स्क्रीनवरच्या स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "मला जरा काळा करता येईल?"