हॅरप प्रेरीचं एक मत

हेनी बाउस्मा आत्तापर्यंत चार वेळा खासदारकीला उभी राहिली होती आणि चारही वेळा पडली होती. पडण्यात तिचा हात धरणारं त्या मतदारसंघात कोणी नव्हतं. पक्ष लहान, झाडं-पाणी सांभाळा म्हणणारा. मतदारसंघ अर्धा गाईगोठ्यांचा, अर्धा महामार्गाला लागून उठलेल्या एकसारख्या घरांचा. पण दोन्हीकडचे लोक डोळे मिटून निळ्या पक्षाला मत द्यायचे. पहिल्यांदा पक्षाचा फोन आला तेव्हा हेनी पातेलं घासत होती. प्रत्येक ठिकाणी आपलं एक तरी नाव हवं, पलीकडचा माणूस म्हणाला, जिंकायची काही भीती नाही. तिने हात पुसले आणि हो म्हटलं. शेजारचं पाणथळ बुजवून तिथे घरं बांधायचं घाटत होतं. त्यावर कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि शाळेची बस चालवून भर दुपारी मोकळी असणारी गावात ती एकटीच होती.

नव्या वस्तीत ती दारोदार फिरायची. दार कोणी उघडत नसे. दारावरच्या घंटीतल्या स्पीकरमधून आवाज येई, काय हवंय, आणि हेनी त्या घंटीला आपलं सगळं म्हणणं समजावून सांगे. उमेदवारांच्या जाहीर सभेला निळे उमेदवार कधी फिरकले नाहीत. त्यांच्या नावाची पाटी लावलेली खुर्ची मंचावर रिकामी ठेवत. दर वेळी त्या खुर्चीला तीस हजार मतं पडत.

हरण्याचं तिला काही वाटत नसे. लागायचं ते वेगळंच. मतं पेटीपेटीने मोजतात, त्यामुळे मतदानाच्या कुठल्या हॉलमधून कोणाला किती हे सगळ्यांना कळतं. घंट्यांच्या वस्तीतून तिला बऱ्यापैकी मतं यायची. तिच्या स्वतःच्या गावातून, हॅरप प्रेरीच्या हॉलमधून, एक. चारही वेळा एकच. ते तिचं स्वतःचंच, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवरा डर्क दर वेळी दूध काढून झालं की तिच्यासोबत हॉलवर येई, शेजारच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहून मतपत्रिकेवर आपल्या मताची फुली मारी, आणि मग दोघं घरी येऊन सूप पीत. डर्कच्या बापापासून ते घर निळं. तो त्यावर कधी बोलला नाही आणि तिने कधी विचारलं नाही. तिच्या प्रचाराच्या पाट्या रस्त्याकडेला तोच ठोकून देई, कारण तिचा खांदा दुखायचा. पण बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाला आपल्या नावापुढे एक फुली मारवत नाही, हे तिला बोचायचं, आणि चांगलंच बोचायचं. पाचव्यांदा उभी राहिली तेव्हा जिंकायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. तिला गावातून दोन मतं हवी होती.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मिसेस रड यांचा फोन आला. वय अठ्ठ्याऐंशी, कट्टर निळ्या. त्यांना न्यायला येणारी त्यांच्या पक्षाची गाडी आलीच नव्हती.

"म्हणजे तुझ्याविरुद्ध मत द्यायला तिला तूच नेणार?" डर्कने विचारलं.

हेनी म्हणाली, त्यांना दुसरं आहे कोण. तू हो पुढे, मी त्यांना घेऊन थेट हॉलवर येते.

मिसेस रड यांना घेऊन परत येताना रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी आली आणि उभी राहिली. पुढचं टोक दिसेना, मागचंही दिसेना. डब्यांखालून मात्र पलीकडचा हॉल स्वच्छ दिसत होता. सातला मतदान संपणार होतं. देशाच्या पूर्वेकडे घड्याळं पुढे, त्यामुळे तिकडचं कधीच संपलं होतं आणि मोटारीतल्या रेडिओवर सरकार कोणाचं येणार तेही सांगायला लागले होते. मिसेस रड म्हणाल्या, आता मी मत देऊन काय दिवे लावणार आहे, आणि त्यांनी पिशवीतून पेपरमिंट काढलं. ते चघळून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, तू जा की खालून वाकून. तुझं तरी पडेल."

हेनीने डब्यांखाली पाहिलं. दोन मिनिटांचं काम होतं. पण दर सप्टेंबरला शाळा उघडली की बसमधल्या पोरांना ती सगळ्यात आधी हेच बजावायची, की उभी गाडी उभीच राहील असं समजू नका.

"मी पोरांना काय सांगते, मिसेस रड?"

"पोरं इथे कुठायत?"

"मी आहे ना."

गाडी हलली तेव्हा सात वाजून गेले होते. हॉलचं दार बंद होतं. मिसेस रड यांना घरी सोडलं तेव्हा उतरताना त्या म्हणाल्या, "तुझं एक गेलं, माझं एक गेलं. फिटंफाट." हेनीला हसू आलं नाही. पाच निवडणुकांत पहिल्यांदाच तिला हरल्यासारखं वाटत होतं.

घरी डर्क सूप गरम करत होता. तिने कोट काढून खुंटीला लावला. काही वेळाने लॉर्न मॅक्फीचा फोन आला. लॉर्न निळ्यांतर्फे मोजणीला बसायचा. हेनीच्या पक्षाकडे बसवायला माणूसच नसे, म्हणून शेजारधर्म म्हणून तोच दर वेळी तिचा आकडा कळवायचा.

"हेनी, आमची दोनशे अकरा. तुझं नेहमीचं एक आलंय हं."

"नीट मोजलंस?"

"एकच होतं. त्यात काय मोजायचं?"

तिने फोन ठेवला. डर्क पातेल्यात डाव फिरवत होता, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"डर्क, मी मत दिलंच नाही. फाटकावर अडकले होते."

"माहितीये. हॉलच्या पायरीवरून मालगाडी दिसत होती. सात वाजत आले, म्हटलं आता ही काही येत नाही."

"मग?"

"मग काय. गावातून तुला भोपळा मिळाला असता. बरं दिसलं असतं का चारचौघांत?"

डोळे पुसावेत की नाही हे हेनीला ठरवता येईना. गप्प बसली असती तर बरं झालं असतं, पण मग तिने विचारलंच.

"आणि मी वेळेवर आले असते तर?"

डर्कने जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"आली असतीस तर तुझं एक होतंच की," तो म्हणाला आणि त्याने सूपचं भांडं तिच्यापुढे ठेवलं.