उंबरठा काढणारा गवंडी

मध्यभारत राज्य नवं नवं होतं, तेव्हा उज्जैनला आमच्या घरी एक गवंडी आला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लकवा झालेल्या बाबांची चाकांची खुर्ची उंबरठ्याला अडायची. वर्षभर त्यांनी गल्ली पाहिली नव्हती. पण आई उंबरठा काढू देईना.

"लक्ष्मी किधर से आएगी?" तिने गवंड्याला विचारलं.

तो पान चघळत म्हणाला, "माँजी, लक्ष्मीजी की भी उमर हो गई. ढलान से आराम से आएँगी."

आईला हसू आवरेना. उंबरठा गेला, त्या जागी सिमेंटचा उतार आला.

उतार वाळल्यावर आधी तोच खुर्चीत बसून, दोन्ही हात वर करून, थेट समोरच्या गाईपर्यंत घरंगळला. मग आम्ही सगळे.

दिवाळीला आईने उतारावर लक्ष्मीची पावलं काढली. संध्याकाळी पाहतो तर पावलांवरून चाकांच्या दोन रेघा. लक्ष्मी घरात येत होती आणि बाबा गल्लीत पसार झाले होते.