बुडबघे मास्तर

बुडबघे मास्तरांना चहा देणं म्हणजे जोखमीचं काम. बाकीची माणसं चहा संपला की कप खाली ठेवतात. मास्तर तो उलटा करून बुडाकडे टक लावून बघत. कधीकधी चहा संपेपर्यंतही त्यांना धीर निघत नसे. माझ्या साखरपुड्यात त्यांनी भरलेला कपच डोक्यावर धरून खालून बघितला, आणि अर्धा चहा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या धोतरावर! "डाग जाईल, पावनं," मास्तर म्हणाले, "पर कप अस्सल हाय." तरीही लग्न झालं, हे आमचं नशीब.

ताडकळसच्या शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांना जुन्या चिनी मातीचं वेड लागलं. बरण्या, बशा, रकाब्या, कानतुटके कप, काय वाट्टेल ते. घर दोन खोल्यांचं. एक खोली भांड्यांची, उरलेल्या एका खोलीत मास्तर आणि काकू. काकू म्हणायच्या, "जेवन कसं झालं ते ह्यांना इचारू नका, सांगता येनार न्हाई. ताट कवाचं हाय, ते बरुबर सांगतील."

मास्तर आधी नखानं टिचकी मारत. खणखणीत आवाज आला तर माल धडधाकट, बद्द आला तर कुठंतरी तडा. मग बुडाच्या कडेवरून बोट फिरवत. वर्षानुवर्षं ठेवून-उचलून ती कड गुळगुळीत झाली असेल तरच वस्तू जुनी. आठवडी बाजारात एकानं त्यांना 'निजामाच्या काळातली' बशी दाखवली. मास्तरांनी बोट फिरवलं. "लेका, निजाम जाऊन जमाना झाला, अन् हिच्या बुडाची खरखर अजून ग्येली न्हाई!" बशी घेतली नाही, पण त्या बिचाऱ्याला चहा मात्र पाजला. त्या कपाचंही बूड बघितलंच.

त्यांच्या कपाटात मधोमध एक जागा रिकामी होती. तिथं कुणी काही ठेवलं की मास्तर खवळायचे. त्यांचे वडील झरीला सालगडी होते. मालकाच्या घरचा चहा ते ज्या कपात प्यायचे, तो मास्तरांना हवा होता. "बाकी सगळं उकिरड्यावर फेक म्हन, फेकतो. बापाचा कप तेवढा गावला पायजे. साधा हाय, पांढरा. बूड बगितलं की मला कळंल." बापाचा कप मालकाच्या घरी कसा राहिला, हे मी कधी विचारलंच नाही. भूगोलातही मी असाच होतो.

माझं आजोळ झरीचं. दोन उन्हाळ्यांमागे मामांनी जुना गोठा पाडला, तेव्हा बाहेरच्या कोनाड्यात एक पांढरा कप सापडला. मी पडलो मास्तरांचा पट्टशिष्य. लगेच उलटा केला. बुडाला लालभडक गोल ठिपका! मामांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट ताडकळस गाठलं.

"मास्तर, जपानी माल! हे बघा, त्यांच्या झेंड्यावरचा सूर्य!"

मास्तरांनी टिचकी मारली नाही. ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि मटकन खाली बसले.

"जपान न्हाई रं," ते म्हणाले. "झरी. पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावत्यात त्यो रंग हाय हा. घरच्या कपात मिसळू न्हाई म्हनून ठिपका द्यायचे. बाप ह्यात चहा प्यायचा, सोता धुयाचा, अन् कोनाड्यात पालथा घालायचा. मी ल्हान व्हतो. मला लांबून ह्यो ठिपकाच दिसायचा."

मामा दाराबाहेर बघत राहिले. त्या कोनाड्याखाली मी लहानपणी गोट्या खेळलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण हा तुमच्याच वडिलांचा कशावरून?"

"असले ठिपके घरोघर व्हते. कुनाच्या तरी बापाचाच हाय."

"मग ठेवा की मधल्या जागेवर."

मास्तर उखडले. "कच्चा तो कच्चाच राह्यलास तू! जलमभर वेगळा ठिवला त्याला, आता मीबी वेगळाच ठिवू व्हय?" त्यांनी काकूंना हाक मारली. "घाल गं हा रोजच्या कपात."

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. मला फार जड गेलं ते. पुण्यानुमोदनाला मामा झरीहून न बोलावता आले. सगळं आटोपल्यावर काकूंनी आम्हा आठ-दहा जणांना चहा दिला. धोतराचा किस्सा निघाला, हसलो, आणि चहा संपवून सगळ्यांनी मास्तरांच्या नावानं आपापले कप उलटे केले.

लाल ठिपका मामांच्या कपाला होता.

"ह्यो माज्या हातचा हाय," मामा हळूच म्हणाले. "पोळ्याला शिंगं रंगवून झाली की वडील म्हनायचे, उरल्याला रंग कपाला लाव."

काकूंनी कप घ्यायला हात पुढं केला. मामांनी दिला नाही. उठले, मोरीवर गेले, आणि कप स्वतः धुऊन आणला.