चार नंबरची लाइन

देऊळगाव राजाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. त्या आठवड्यात नवा बोर्ड बसला होता. जुन्यावर लाइनींचे आकडे एकपासून होते, नव्यावर शून्यापासून. दुपारी लाइनमनने चौकातून फोन केला, "बाई, मी खांबावर चढून राह्यलो. चार नंबरले घंटी देऊ नका, मले शॉक बसन."

थोड्या वेळाने एका व्यापाऱ्याने कापसाच्या जिनिंग फॅक्टरीची लाइन मागितली. ती नव्या बोर्डावर तीन नंबरला होती. घंटीचं हँडल फिरवणार, तोच हात थबकला. जुना चार म्हणजे नवा तीनच की! व्यापारी ओरडत राहिला, मी घंटी दिली नाही.

तासाभराने लाइनमन आला.

"चार म्हणजे जुना की नवा?" मी विचारलं.

"जुनाच. नवे आकडे मले कुठं पाठ हायेत?"

मी खडू घेतला आणि नव्या बोर्डावर प्रत्येक आकड्याखाली जुना आकडा लिहून टाकला.