सूर्यावरचा डाग

मी उमापूरला मास्तर होतो तेव्हा तिथल्या गुऱ्हाळावर एक गुळव्या होता. काहिलीत रस उकळू लागला की बोलता बोलता गप्प होऊन तो रसाकडंच बघत राही.

एका संध्याकाळी धुराआडच्या तांबड्या सूर्याकडं बोट करून म्हणाला, "मास्तर, डाग हाय बगा. काहिलीत उकळी अडली की तिथं असंच काळं दिसतं. वर बी उकळतच असंल."

मी वर न बघताच चारचौघांत हसलो. "धुरानं डोळे गेले तुझे."

डोळे चोळत तो पुन्हा काहिलीकडं वळला.

पुढं हैदराबादेहून आलेल्या पुस्तकात तो डाग सापडला, ती उकळीही सापडली. त्याचंच खरं होतं हे सांगायला म्हणून गुऱ्हाळावर गेलो.

मला बघताच त्यानं विचारलं, "मास्तर, डोळ्याला काय दवा हाय का? डाग अजून दिसतोय."

मी गुलाबपाणी घालायला सांगितलं.